थालबर्गचा वन्समोअर आणि शिअररचा कर्णा

पडद्यावर नटी ओठ हलवते आणि आवाज लता मंगेशकरांचा येतो, यात काही गौडबंगाल आहे असं आपल्याकडे शाळकरी पोरालाही वाटत नाही. गाणं आधी रेकॉर्ड होतं, शूटिंगच्या वेळी ते मोठ्यानं वाजवतात, नट त्यावर ओठ आणि हातपाय हलवतात. झालं प्लेबॅक. पण ही युक्तीसुद्धा कधीतरी, कुणालातरी पहिल्यांदा सुचली असणार. हॉलिवूडच्या इतिहासात ती ज्या सिनेमाच्या खात्यावर जमा आहे त्याचं नाव 'द ब्रॉडवे मेलडी'. साल १९२९, कंपनी एमजीएम, दिग्दर्शक हॅरी बोमॉन्ट. जाहिरात अशी होती की यात सगळं बोलतं, सगळं गातं, सगळं नाचतं. म्हणजे जो सिनेमा 'बघा, खरा आवाज!' म्हणून विकला गेला, त्याच्याच पोटातून आवाज आणि चित्र यांना वेगळं करणारी युक्ती बाहेर आली.

आधी गोष्ट सांगून टाकतो, कारण ती फार मोठी नाही. हँक आणि क्वीनी माहोनी या दोन बहिणी. गावोगाव फिरून व्हॉडव्हिल करणाऱ्या. व्हॉडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, जादू, जमल्यास कुत्र्यांच्या कसरतीही. हँक मोठी, बुटकी, फटकळ, सगळा व्यवहार सांभाळणारी. क्वीनी धाकटी, उंच, देखणी, जरा भोळसट. हँकचं लग्न एडी कर्न्स या गायकाशी ठरलेलं आहे. एडीनं एक गाणं लिहिलंय, ते न्यूयॉर्कच्या झॅनफील्ड नावाच्या बड्या निर्मात्याच्या शोमध्ये लागणार आहे (हा झॅनफील्ड म्हणजे खऱ्याखुऱ्या झिगफेल्डची उघड नक्कल). एडी दोघींना न्यूयॉर्कला बोलावून घेतो, आणि धाकटीला बघून पाघळतो. क्वीनीलाही तो आवडतोच. पण ताईचं ठरलेलं लग्न मोडायला नको, म्हणून ती एका पैसेवाल्या लफंग्याबरोबर हिंडायला लागते. हँकला उशिरा का होईना कळतं. मग ती एडीला खोटंच सांगते की मी तुला नुसतं वापरून घेतलं, आता जा आणि तिला सोडव. धाकटीचं लग्न होतं, मोठी नवी जोडीदारीण शोधून पुन्हा दौऱ्यावर निघते.

हा त्रिकोण आपल्या मालिकांनी चिपाडासारखा पिळलेला आहे, त्यामुळे त्यात नवं काही शोधू नका. शोधायचं ते वेगळंच आहे: ही गोष्ट विंगेत, रंगपटात आणि तालमीच्या हॉलमध्येच का घडते?

आपल्या संगीत नाटकात हा प्रश्न कधीच पडला नाही. पात्र बोलता बोलता पद घेतं, ऑर्गन आणि तबलावाले समोरच बसलेले असतात, आणि नारद गायला लागला की 'हा ऑर्गन स्वर्गात कुठून आला' असं कुणी विचारत नाही. अमेरिकन रंगभूमीवरही गाणाऱ्या नाटकांना ही सवलत होतीच. पण बोलपटाचं तसं नव्हतं. सिनेमातली खुर्ची खरी खुर्ची असते, रस्ता खरा रस्ता. त्यात एक माणूस दिवाणखान्यात उभा राहून गायला लागला आणि मागून तीसजणांचा वाद्यवृंद वाजला, तर लोक हसतील की काय, ही धास्ती तेव्हाच्या निर्मात्यांना होती. मग सगळ्यात सोपा उपाय काय? माणसंच अशी घ्यायची ज्यांचा धंदा गाण्याचा आहे. तालीम चालली आहे, म्हणून गातात. शो चालू आहे, म्हणून नाचतात. एडी क्वीनीला प्रेमाचं गाणं ऐकवतो त्यालाही सबब आहे: तो गाणी लिहितो आणि हे त्यानं तिच्यासाठी लिहिलंय. म्हणजे पडद्यामागची प्रेमकथा ही कुणाची कलात्मक आवड नव्हती, ती गाण्यांसाठी काढलेली परवानगी होती.

सिनेमाचा पहिला प्रसंग याच हिशेबानं रचलाय. न्यूयॉर्कच्या एका संगीत प्रकाशकाचं ऑफिस. लहान लहान खोल्या, प्रत्येकीत वेगळं गाणं, कुठे पियानो, कुठे कुणी गातंय, आणि सगळं एकदम कानावर आदळतं. आज तो नुसता गोंगाट वाटतो. १९२९ च्या प्रेक्षकाला तो खजिना होता. तसंच बहिणींच्या एजंटकाकांचं. ते तोतरे आहेत, आणि त्यांच्या एकेका शब्दावर पाच-पाच सेकंद अडकण्याचे विनोद सिनेमाभर पेरलेत. मूकपटात तोतरेपणाचा विनोद करणार कसा? पाटीवर लिहून? एक नर्तकी बॅलेच्या बुटांच्या टोकांवर उभी राहून टॅप डान्स करते, तिच्या बुटांची टकटक ऐकू यावी म्हणून. काकांचा विनोद आज बघवत नाही हे खरं, पण तो तिथे का आहे ते कळतं.

आता आवाज पकडायचा कसा, हे जरा बैजवार बघू, कारण पुढची गंमत त्यातच आहे.

लहानपणी टॉकीजच्या मागच्या उकिरड्यावर आम्हाला फिल्मचे तुकडे सापडायचे. उडालेल्या बल्बमधली तार काढून त्यात पाणी भरायचं, आरशानं उन्हाचा कवडसा आत घ्यायचा आणि भिंतीवर 'सिनेमा' लावायचा. त्या तुकड्यांवर चित्रांच्या बाजूला, भोकांना लागून, एक पांढरी नागमोडी पट्टी असायची. आम्हाला ती नक्षी वाटायची. तो आवाज होता, हे कितीतरी वर्षांनी कळलं.

मायक्रोफोन आवाजाची वीज करतो, म्हणजे आवाजाबरोबर कमीजास्त होणारा प्रवाह. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीत हा प्रवाह धातूच्या अगदी बारीक फितींमध्ये सोडत. फिती चुंबकाच्या मधोमध ताणून बसवलेल्या, दोन फितींमध्ये केसाएवढी फट, फटीमागे दिवा. आवाज आला की फिती थरथरतात, फट कमीजास्त उघडते, आणि पुढून सरकणाऱ्या फिल्मवर कमीजास्त प्रकाश पडतो. फिल्म धुतल्यावर तिथे आडव्या काळ्या-करड्या रेघोट्या उमटतात, आजच्या बारकोडसारख्या. (माझ्या तुकड्यांवरची नागमोडी पट्टी हा याचाच दुसरा प्रकार: तिथे काळेपणा बदलण्याऐवजी पट्टीची रुंदी बदलते.) थिएटरात उलटा प्रवास. प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा त्या पट्टीतून प्रकाश टाकतो, पलीकडे प्रकाशाची वीज करणारा सेल असतो, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग पडद्यामागचा स्पीकर. म्हणजे आवाजाचा उजेड करायचा, आणि उजेडाचा पुन्हा आवाज.

याआधी दुसरी पद्धत गाजली होती. १९२७ च्या ऑक्टोबरात आलेल्या वॉर्नर ब्रदर्सच्या 'द जॅझ सिंगर'ची गाणी फिल्मवर नव्हतीच, ती तबकडीवर होती. सोळा इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका रिळाला एक, सुमारे अकरा मिनिटं चालणारी. प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरला जोडलेली. सुई योग्य खुणेवर ठेवली तर सगळं आलबेल. पण फिल्म तुटली की संपलं. ऑपरेटरनं तुकडा कापून जोड मारला, की तेवढी चित्रं गेली, तबकडीवरचा आवाज मात्र शाबूत. मग पुढचं सगळं रीळ पायजम्याचा एक पाय वर, एक खाली, तसं चालायचं. म्हणून जितकी चित्रं गेली तितकीच काळी फिल्म मधे जोडावी लागे. ही कटकट बघूनच १९२८ च्या मे महिन्यात एमजीएम, पॅरामाउंट वगैरे मोठ्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकशी करार केले, असं म्हणायचा मोह होतो. खरी कारणं पेटंट आणि पैसा यांची होती. पण ऑपरेटरांनी मनातल्या मनात नवस फेडले असतील.

आता एक बारीक गोष्ट नीट लक्षात घ्या. थिएटरात येणाऱ्या फिल्मवर चित्र आणि आवाज शेजारीशेजारी असतात, पण शूटिंगच्या वेळी ते वेगळ्या फिल्मवर घेतलेले असतात. कॅमेरा एका फिल्मवर चित्र घेतो. दूर दुसऱ्या खोलीत दुसरं यंत्र दुसऱ्या फिल्मवर आवाज घेतं. दोघांच्या मोटरी विजेनं अशा बांधलेल्या की एक फिरली की दुसरी नेमकी तेवढीच फिरावी, सेकंदाला २४ चित्रं. दोन्हींची गाठ पडते ती लॅबमध्ये, शेवटची प्रिंट काढताना. म्हणजे दोघं एकाच घटकेला जन्मलेच पाहिजेत, अशी यंत्राची अट मुळात नव्हतीच. अट लोकांच्या डोक्यात होती.

आणि त्या अटीपायी सेटवर जे हाल चालले होते ते विचारू नका. कॅमेरा घरघरायचा आणि मायक्रोफोन ती घरघर टिपायचा. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना एका बंद, गाद्या मारलेल्या पेटीत कोंडायचे. पुढे काच, आत हवा नाही. टेक संपला की माणूस घामानं निथळत बाहेर. पेटी हलवायची म्हणजे कपाट हलवण्यासारखं, त्यामुळे मूकपटात वाऱ्यासारखा फिरणारा कॅमेरा एकाएकी लकवा मारल्यासारखा थिजला. आधीचे आर्क दिवे गुणगुणायचे, म्हणून त्यांच्या जागी मोठे बल्ब आले आणि त्यांनी सेटची भट्टी केली. मायक्रोफोन कुंडीत नाहीतर पडद्याआड लपवायचा आणि नटानं त्याच्या आसपासच घुटमळत बोलायचं. 'ब्रॉडवे मेलडी' बघताना हे सगळं दिसतं. माणसं रांगेत उभी राहून बोलतात, कॅमेरा समोरून बघत राहतो, पुढच्या रांगेतल्या पासवाल्या पाहुण्यासारखा.

यातच एक मोठा नाच घ्यायचा होता, 'द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल', म्हणजे रंगवलेल्या बाहुलीचं लग्न. गाणं नेसिओ हर्ब ब्राऊन आणि आर्थर फ्रीड यांचं. हा तुकडा रंगीत होता, तेव्हाच्या दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये. लाल आणि हिरव्यातून जेवढं जमेल तेवढं. धड निळं आकाश त्यातून येत नसे. शिवाय या रंगीत फिल्मला प्रकाश खूपच जास्त लागायचा, म्हणजे आधीच भट्टी, त्यात आणखी लाकडं. नाच झाला, वाद्यवृंद सेटवर वाजला, आवाज उत्तम आला. पण निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गनं ते रीळ पाहिलं आणि त्याला ते पटेना. नाटक समोर बसून बघितल्यासारखं दिसत होतं. त्यानं पुन्हा घ्यायला सांगितलं.

आपल्याकडे बालगंधर्वांना वन्समोअर मिळाला की ते तीच जागा आणखी खुलवून घेत, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नसत. इथला वन्समोअर महाग होता. नर्तकांबरोबर अख्खा वाद्यवृंद परत बोलवायचा, परत पैसे मोजायचे, आणि एकदा चांगला आलेला आवाज परत तसाच येईल याची खात्री कुणाची?

इथे डग्लस शिअरर पुढे झाला. हा एमजीएमच्या आवाज खात्याचा प्रमुख. एमजीएमची तारका नॉर्मा शिअरर हिचा भाऊ, आणि थालबर्ग नॉर्माचा नवरा, म्हणजे साहेबांचा सख्खा मेहुणा. वशिल्याचं तट्टू, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगतो: ध्वनिमुद्रणासाठी ऑस्कर द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं यालाच मिळालं, आणि पुढे अशी बरीच मिळाली. त्याचा मुद्दा साधा होता. चुकलंय ते चित्र, आवाज नाही. मग आवाज परत कशाला घ्यायचा? घेतलेला आवाज सेटवर कर्ण्यातून वाजवू, नर्तक त्यावर नाचतील, नवं चित्र जुन्या आवाजाशी लॅबमध्ये जोडू.

केलं तसंच. आणि बघा काय काय सुटलं. मायक्रोफोन बंद म्हणजे कॅमेऱ्याला पेटीत कोंडायची गरज उरली नाही. दिवे गुणगुणले तरी चालतं. नृत्यदिग्दर्शक नाच चालू असताना ओरडून सूचना देऊ शकतो. एकच कडवं दहा वेगवेगळ्या बाजूंनी घ्या, ताल सगळीकडे तोच, कारण आवाज तोच. नशीबही साथीला होतं, कारण या नाचात गाणारा पडद्यावर दिसतच नाही, आवाज बाहेरून येतो. ओठ जुळवायची भानगड नाही, फक्त पावलं तालात पडली म्हणजे झालं. ओठ जुळवण्यापर्यंतचं पुढचं पाऊल मग फार लांब नव्हतं.

मला स्वतःला मात्र या सिनेमातला नाच आठवत नाही, आठवते ती बेसी लव्ह. हँकचं काम तिनं केलंय. एडीला हाकलून दिल्यावर ती रंगपटात आरशासमोर एकटी बसते. चेहऱ्याला क्रीम फासून रंग पुसायला लागते. रडू येतं, मधेच हसू फुटतं, पुन्हा रडू, आणि कधी कुठलं आहे ते तिलाच कळेनासं होतं. मग फोन उचलून काकांशी कामाचं बोलते. त्या वेळचे बहुतेक नट शब्द ताटात वाढल्यासारखे सुटे सुटे उच्चारत होते. हिचा आवाज चिरकतो, श्वास अडकतो, वाक्य अर्ध्यात गळतं. यात गाणं नाही, वाद्य नाही, प्लेबॅकचा संबंध नाही. पेटीत कोंडलेला कॅमेरा आणि कुठेतरी लपवलेला मायक्रोफोन, एवढंच. तो प्रसंग कर्ण्यावर ओठ हलवून झाला नसता, हेही सांगायला हवं.

१ फेब्रुवारी १९२९ ला लॉस एंजेलिसच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये सिनेमा लागला आणि तुफान चालला. खर्च सुमारे ३ लाख ७९ हजार डॉलर, जगभरची कमाई ४० लाखांच्या वर. पुष्कळ थिएटरांत आवाजाची यंत्रं बसलेली नव्हती, त्यांच्यासाठी याची मूक आवृत्तीही काढली होती. 'सगळं गातं' अशा सिनेमाची मूक आवृत्ती! ३ एप्रिल १९३० च्या समारंभात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला बोलपट. त्या वर्षी एकाही सिनेमाला एकाहून जास्त ऑस्कर मिळालं नाही, त्यामुळे हेही एकच. बाकीच्या कंपन्यांनी मग विंगेतल्या प्रेमकथांचा असा रतीब घातला की वर्षा-दीड वर्षात प्रेक्षक गाण्यांना विटले. १९३३ मध्ये 'फॉर्टी-सेकंड स्ट्रीट' आला तेव्हा कुठे हा प्रकार पुन्हा उभा राहिला, आणि तोवर कॅमेरा पेटीतून सुटून नर्तकींच्या डोक्यावर जाऊन बसला होता.

आपल्याकडे १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला तेव्हा सगळं जागच्या जागीच गायलं जाई. नट स्वतः गाणार, साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड बसणार. 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे पडद्यावर गातात ते असं, आणि तोच सिनेमा हिंदीत पाहिजे म्हणून परत हिंदीतून उभा केला. आपल्या निर्मात्यांना विंगेतली सबब शोधावी लागली नाही. राजा हरिश्चंद्र गातो यात प्रेक्षकाला नवल नव्हतं, संगीत नाटकानं त्याचे कान आधीच तयार केले होते. प्लेबॅक आपल्याकडे आला १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये, नितीन बोस यांच्या सिनेमातून. हॉलिवूडमध्ये नट बहुधा स्वतःच आधी गाऊन ठेवी आणि मग स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवी. आपण आणखी पुढे गेलो: गाणारा एक, दिसणारा दुसरा, आणि पोस्टरवर दोघांचीही नावं.

'पेंटेड डॉल'चा तो नाच आज बघायला मिळतो, पण काळापांढरा. रंगीत प्रती टिकल्या नाहीत. ज्या चित्रासाठी थालबर्गनं सगळ्यांना पुन्हा नाचायला लावलं त्याचे रंग गेले. पहिल्याच फेरीत चांगला आलेला म्हणून शिअररनं जो आवाज राखला, तो अजून ऐकू येतो, थोडा खरखरतो इतकंच.